हाताला हात लावण्यापुरती?



गेल्या महिन्यात आमच्या पत्त्यावर एक पत्र आलं. एका राजकीय पक्षात वर्षानुवर्षं राबणाऱ्या काही जणींचं. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली आहे. खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षाचं नाव घातलं तरी पत्रातला शब्दही बदलावा लागणार नाही. त्यांची मागणी अशी : पक्षाला यापुढे एक नव्हे, दोन प्रदेशाध्यक्ष असावेत, त्यांतली एक स्त्री असावी आणि दोघांनी जोडीने उमेदवारी करावी. परदेशात असं चालतं, मग इथे का नाही? तुमच्या संघटनेची सही हवी आहे.

सही करायची की नाही यावर आम्ही तीन तास बोललो. सुरुवातीला नुसतं हसणंच झालं, ते ‘जोडीने’ या शब्दावरून. जोडीने म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सत्यनारायणाची पूजा येते. नवरा सोवळं नेसून पाटावर बसलेला, संकल्प तो सोडतो, पळी त्याच्या हातात, आणि गुरुजी मधूनच बाईला सांगतात, “तुम्ही यांच्या हाताला हात लावा.” लावला हात, की पूजा जोडीने झाली! आमच्यातली एक म्हणाली, पक्षातही हेच होणार, सही तो करणार आणि ही हाताला हात लावणार. दुसरी म्हणाली, आज तर पाटावरसुद्धा बसू देत नाहीत, निदान बसू तर देत. हसणं तिथे थांबलं आणि वाद सुरू झाला.

पत्रात ‘परदेशात’ एवढंच म्हटलं होतं. हे परदेश म्हणजे मुख्यतः जर्मनी. तिथली गोष्ट जरा नीट पाहिली तर आपल्या वादाला उपयोग होईल असं मला वाटलं, म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

ताजं उदाहरण बर्लिनचं घेऊ. बर्लिन हे शहरही आहे आणि राज्यही, त्यामुळे तिथल्या पक्षाचा अध्यक्ष म्हणजे आपल्या भाषेत प्रदेशाध्यक्षच. २०२४च्या वसंतात तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने आपलं राज्य नेतृत्व निवडण्यासाठी सर्व सभासदांचं मतदान घेतलं. रिंगणात तीन जोड्या होत्या, प्रत्येकीत एक बाई आणि एक पुरुष. सुट्टं नाव एकही नाही. सभासदाने जोडी निवडायची. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. राएद सालेह हे आधीच्या जोडीतले अध्यक्ष लुईझ लेमान यांना सोबत घेऊन उभे होते, त्यांची जोडी तिसरी येऊन बाहेर पडली. मे महिन्यात दुसऱ्या फेरीत निकोला ब्योकर-जानिनी आणि मार्टिन हिकेल यांची जोडी सुमारे ५८ टक्के मतांनी जिंकली. हरलेल्या याना बेर्टेल्स आणि कियान निरूमंद यांच्या जोडीला ४१ टक्क्यांच्या वर मतं होती, म्हणजे लढत खरीखुरी होती. ठरवून दिलेल्या नावाला टाळ्या वाजवण्याचा तो प्रकार नव्हता. आपल्याकडे प्रदेशाध्यक्ष दिल्लीहून किंवा ‘वरून’ येतो; साध्या सभासदाच्या हाती त्यासाठी कधी मतपत्रिका पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. एवढ्या एका गोष्टीचासुद्धा हेवा वाटतो.

पण ही प्रथा आभाळातून पडलेली नाही, आणि पक्षातल्या पुरुषांना अचानक सद्बुद्धी झाली म्हणूनही आलेली नाही. ती बायकांनी भांडून आणली. तिची मुळं ग्रीन पक्षात आहेत. हा पक्ष १९८०मध्ये स्थापन झाला, १९८३मध्ये पहिल्यांदा जर्मनीच्या लोकसभेत, बुंडेस्टागमध्ये, पोचला. तेव्हा त्या सभागृहात दहातली एकसुद्धा पुरती बाई नव्हती. त्याच वर्षी ग्रीन पक्षाच्या वाल्ट्राउड शोपे यांनी सभागृहात लग्नांतर्गत बलात्काराचा आणि बायकांशी रोज होणाऱ्या अपमानकारक वागणुकीचा विषय काढला, आणि पुरुष खासदार हसले. (त्यांच्याकडे लग्नांतर्गत बलात्कार गुन्हा ठरायला १९९७ उजाडलं. आपल्याकडे २०२३च्या भारतीय न्याय संहितेनेही नवऱ्याला दिलेली सूट तशीच ठेवली. हसणाऱ्यांना आपण तरी काय हसणार!) पुढच्या वर्षी, १९८४मध्ये, ग्रीन खासदारांनी आपल्या संसदीय गटाचं सगळं नेतृत्व सहा बायकांच्या हाती दिलं. आंत्जे फोल्मर आणि शोपे त्यात होत्या. देशभर खळबळ उडाली. आजवर सहाच्या सहा पुरुष असत तेव्हा मात्र कुणाला काही खटकलं नव्हतं.

१९८६मध्ये या पक्षाने स्त्रियांसाठी स्वतंत्र नियमावली केली. पक्षातली निदान निम्मी पदं स्त्रियांची, निवडणुकीच्या यादीत १, ३, ५ अशा विषम क्रमांकांच्या जागा स्त्रियांच्या. हे बहुतेकींनी ऐकलेलं असेल. मला त्यातला दुसराच नियम फार आवडतो. सभेत बोलणाऱ्यांच्या दोन याद्या करायच्या, एक स्त्रियांची आणि एक सगळ्यांना खुली, आणि आळीपाळीने नावं पुकारायची. स्त्रियांची यादी संपली की थांबून सभेला विचारायचं, चर्चा पुढे चालू ठेवायची का? शिवाय एखादा प्रश्न स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल तर सभेतल्या स्त्रिया आपलं वेगळं मतदान मागू शकतात, आणि त्यांनी नकार दिला तर निर्णय काही काळ अडकतो.

हे वाचताना मला दोन वर्षांपूर्वीची एक बैठक आठवली. दुष्काळाच्या प्रश्नावर संयुक्त कृती समिती, आठ-दहा संघटना. आम्ही चौघी होतो. अकरा पुरुष बोलले, त्यांतले तिघे दोनदा. पाण्याच्या टँकरवर! टँकर आला की हंडे घेऊन कोण पळतं? माझ्या शेजारी बीड जिल्ह्यातली एक कार्यकर्ती बसली होती, तिने हात तीनदा वर केला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “आता ताईंनी आभार मानावेत.” दोन याद्यांचा नियम त्या दिवशी असता तर बैठक चौथ्या वक्त्यानंतर थांबवून विचारावं लागलं असतं. खर्च काय? एक जादा कागद.

आता मुद्द्यावर येते. ग्रीन पक्षाच्या दोन खुर्च्या आणि सोशल डेमोक्रॅट्सच्या दोन खुर्च्या दिसायला सारख्या आहेत, पण त्यांवर बसण्याची वाट वेगळी आहे. आमच्या वादाचं सगळं मूळ इथे आहे.

ग्रीन पक्षात आधी स्त्रीची जागा भरतात. त्या जागेसाठी स्त्रियाच उभ्या राहतात आणि मतं तिची तिलाच मिळतात. मग दुसरी जागा, ती खुली. तिथे पुरुषही येऊ शकतो, स्त्रीही, म्हणजे दोन्ही खुर्च्यांवर बायका बसल्या तरी नियमभंग होत नाही. जानेवारी २०१८मध्ये हानोव्हरच्या अधिवेशनात आनालेना बेअरबोक यांनी स्त्रीच्या जागेसाठी आन्या पील यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि सुमारे ६४ टक्के मतांनी जिंकली. दोन बायका, दोन विचारधारा, उघड सामना. त्यानंतर रॉबर्ट हाबेक दुसऱ्या जागेवर निवडून आले. बेअरबोक यांना कुणा पुरुषाने ‘घेतलं’ नव्हतं. तीन वर्षांनी पक्षाचा चॅन्सेलरपदाचा उमेदवार ठरवायची वेळ आली तेव्हा उमेदवारी बेअरबोक यांना मिळाली, हाबेक यांना नाही.

सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १८६३चा. त्याला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली २०१८मध्ये, आंद्रेआ नालेस. पक्षाची पडझड चालू असताना त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या आणि वर्षभरात त्यांना जावं लागलं. त्यानंतर पक्षाने ठरवलं की अध्यक्ष दोन असू शकतील, समान अधिकाराचे, त्यांतली एक स्त्री. इथे मात्र रीत अशी पडली की बाई आणि पुरुष आधीच जोडी जमवून रिंगणात उतरतात. २०१९मध्ये देशभर तेवीस सभा झाल्या, जोड्यांनी एकत्र भाषणं केली. ओलाफ शोल्त्स यांनी आधी आपल्याला वेळ नाही म्हणून नकार दिला होता. नंतर मन बदललं, आणि त्यांच्यासोबत क्लारा गायविट्स उभ्या राहिल्या. ती जोडी हरली, सास्किया एस्केन आणि नॉर्बर्ट वाल्टर-बोर्यान्स यांची जिंकली.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते डावलू नये. दोघांना निवडणुकीआधीच बसून एक कार्यक्रम ठरवावा लागतो. सभासदाला कळतं की हे दोघं एकत्र काय करणार. निवडून आल्यावर बंद दाराआड ‘तुझं खातं, माझं खातं’ करावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुरुष सहसा एकटा रिंगणात उतरत नाही. त्याला बाईकडे जाऊन विचारावं लागतं. आमच्यातल्या तरुण मुलींना हे फार पटलं. “विचारू देत ना त्यांना एकदा!” असं एकीने टाळी देऊन म्हटलं.

पण विचारतो कोण आणि कधी? हे मी पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणींना विचारू इच्छिते. कारण जोडी जमवणं म्हणजे काय, हे आपल्या गावोगावच्या बायकांना जर्मनांपेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण त्याला पॅनेल म्हणतो. सहकारी सोसायटीच्या संचालक मंडळात दोन जागा बायकांना राखीव असतात, तेव्हा पॅनेलप्रमुखाला दोन बायका लागतातच. सोलापूरकडच्या एका शिबिरात एका बाईंनी सांगितलं, “माझं नाव पॅनेलात हाय हे मला पॅम्प्लेट छापून आल्यावर कळलं. फोटो लग्नातला कापून लावला हुता, शेजारचा ह्यांचा खांदा दिसत हुता.” सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पण त्या पाच वर्षं संचालक होत्या आणि सभेच्या वहीवर सही करण्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही. त्यांची मतं त्यांची नव्हती, पॅनेलची होती. उलट राखीव वॉर्डातून, दुसऱ्या बाईशी लढून आलेल्या ग्रामपंचायत सदस्याही मी पाहिल्या आहेत. पहिल्या वर्षी नवरा सोबत येतो, दुसऱ्या वर्षी तो दाराबाहेर थांबतो, तिसऱ्या वर्षी ती एसटीने एकटी तालुक्याला जाते. सगळ्याच नाही जात. पण जातात त्या, आपण आपल्या मतांवर आलो हे ठाऊक असतं म्हणून जातात. १९९३च्या ७३व्या घटनादुरुस्तीने जे दिलं ते हे, आणि २०११पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा आहेत.

जर्मनीतही जोडी निवडणुकीपुरतीच पक्की असते असं दिसतं. सभासदांनी कौल दिला तरी अधिवेशनात औपचारिक निवड होते तेव्हा मतं दोघांची वेगवेगळी मोजतात. बर्लिनमध्येच २०२०मध्ये पहिली जोडी आली, फ्रांत्सिस्का गिफाय आणि सालेह. गिफाय यांना ८९ टक्क्यांच्या वर मतं, सालेह यांना सुमारे ६९. देशपातळीवर जून २०२५मध्ये बेर्बेल बास यांना ९५ टक्के आणि लार्स क्लिंगबाइल यांना ६५च्या आत. म्हणजे प्रतिनिधी बाईला जास्त मानतात? तसं वाटून हुरळून जाण्याआधी त्याच पक्षात त्या वर्षी काय झालं ते पाहा. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत पक्ष १६.४ टक्क्यांवर घसरला. तेव्हा अध्यक्ष दोन होते, एस्केन आणि क्लिंगबाइल. पराभव दोघांचा. क्लिंगबाइल लगेच संसदीय गटाचे नेते झाले आणि मे महिन्यात उपचॅन्सेलर आणि अर्थमंत्री. एस्केन यांना मंत्रिपद मिळालं नाही आणि त्यांनी अध्यक्षपदही सोडलं. एकच पराभव, समान अधिकाराचे दोन अध्यक्ष! २०१९चं उदाहरणही तसंच. हरलेल्या जोडीतले शोल्त्स दोन वर्षांनी चॅन्सेलर झाले. गायविट्सही त्यांच्या मंत्रिमंडळात गेल्या, बांधकाम खातं मिळालं, हे नाकारत नाही. पण जिंकलेल्या बाईपेक्षा हरलेला पुरुष पुढे गेला हेही खरं.

ग्रीन पक्षाचीही सगळी आरती ओवाळायला नको. नियम कागदावर असला तरी सभागृहातली माणसं तीच असतात. २०२१च्या जूनमध्ये झारलांड या छोट्या राज्यात त्यांचं अधिवेशन भरलं, बुंडेस्टागच्या यादीतली पहिली जागा भरायची होती. नियमाप्रमाणे ती स्त्रीची. पक्षाच्या प्रदेशाध्यक्ष टीना श्योप्फर तीनदा मतदानाला उभ्या राहिल्या आणि तीनदा पडल्या. मग ‘स्त्री निवडून येत नाही’ असं म्हणून जागा खुली केली, आणि जुन्या जमान्यातले पुढारी हुबर्ट उलरिख निवडून आले. पक्षाच्या लवादाने ही निवड रद्द केली. नव्या यादीत तरुण येआन डिल्श्नायडर पहिल्या क्रमांकावर आल्या, पण त्या वेळी एका मोठ्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींना मतदानातून वगळलं होतं, म्हणून निवडणूक समितीने ती यादीच नाकारली. शेवटी त्या राज्यात ग्रीन पक्षाला यादीविना निवडणूक लढवावी लागली. एका बाईला पहिली जागा द्यायची नाही यापायी सगळा पक्ष मतपत्रिकेच्या त्या रकान्यातून गेला. ‘उमेदवार मिळत नाही हो, बायका पुढे येत नाहीत’ हे वाक्य आपल्या इतकं ओळखीचं आहे की झारलांडचं वाचताना मला तो जिल्हा आपल्याच मराठवाड्यातला वाटला.

आणखी एक. बाई आली म्हणजे बायकांचा प्रश्न आला असं नाही. बर्लिनमध्ये २०२४ला जिंकलेल्या जोडीचं म्हणणं होतं की सगळ्यांना सगळं फुकट हे धोरण तपासून पाहावं, बरी मिळकत असलेल्यांनी पाळणाघराचे पैसे द्यावेत. तिथे २०१८पासून पाळणाघर सर्वांना मोफत आहे. यावर दोन मतं होऊ शकतात, श्रीमंतांना मोफत का, असं मलाही एक मन म्हणतं. पण नोकरी करणाऱ्या आईला विचारलं तर ती आधी हिशोब मांडेल, आणि जोडीत बाई आहे एवढ्यावर मत देणार नाही. हे आपण इंदिराबाईंपासून शिकलो आहोत.

तेव्हा महाराष्ट्रात बाई प्रदेशाध्यक्ष होऊच शकत नाही असंही नाही. काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदी प्रेमलाताई चव्हाण होत्या, प्रतिभाताई पाटील होत्या, प्रभाताई राव होत्या. पण त्या एकेकट्या आल्या, एकेकट्या गेल्या, खुर्चीचा नियम बदलला नाही. बाकी बायकांसाठी महिला आघाडी आहे. महिला आघाडी म्हणजे सभेला गर्दी, हळदीकुंकू, मोर्च्यात पुढे आणि तिकीटवाटपाच्या बैठकीत बाहेर. सप्टेंबर २०२३मध्ये १०६वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा, तीही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. त्या दुरुस्तीत पक्षाच्या पदांबद्दल एक अक्षर नाही. उद्या राखीव मतदारसंघ आले तरी कुठल्या बाईला तिकीट द्यायचं हे आजचेच पुरुष ठरवणार असतील तर काय होईल ते पॅम्प्लेटवरच्या त्या खांद्याने सांगितलंच आहे. जर्मनीत थुरिंगिया आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांनी कायदा करून सर्व पक्षांना निम्म्या याद्या स्त्रियांच्या करायला लावलं होतं. २०२०मध्ये दोन्ही राज्यांच्या घटनात्मक न्यायालयांनी ते कायदे रद्द केले. म्हणजे तिथेही शेवटी पक्षाच्या आतच भांडावं लागतं. २०२५च्या बुंडेस्टागमध्ये स्त्रिया साधारण ३२ टक्के आहेत. स्वतःला नियम घालून घेतलेल्या ग्रीन पक्षाच्या खासदारांत ६० टक्क्यांहून जास्त, उजव्या एएफडीच्या खासदारांत बारा टक्केसुद्धा नाहीत. फरक पक्षाच्या घटनेतला आहे.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी योग्य दारावर थाप मारताहेत याबद्दल आमच्यात दुमत राहिलं नाही. आम्ही सही केली, पण तीन दुरुस्त्या सुचवून. पहिली, जोडीने उमेदवारी नको. स्त्रीची जागा आधी भरावी, स्त्रियांमधूनच, आणि तिची मतं वेगळी मोजावीत. निवडून आल्यावर दोघांनी मिळून काम करावं, जरूर करावं. दुसरी, दुसरी जागा पुरुषाची म्हणून लिहू नये, खुली म्हणून लिहावी. तिसरी, एबी फॉर्मची. निवडणुकीत पक्षाचं चिन्ह कुणाला मिळणार हे ज्या कागदाने ठरतं त्यावर सही करायचा अधिकार दोन्ही अध्यक्षांना हवा, आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय पक्षाने तो फॉर्म बाहेर जाऊ देऊ नये. नाहीतर तो सही करणार आणि ही हाताला हात लावणार.

या निमित्ताने आमचाही आरसा समोर आला. गेली सहा वर्षं आमच्या संघटनेला दोन निमंत्रक आहेत, एक शहरातली, एक ग्रामीण भागातली. त्या बैठकीत ग्रामीण निमंत्रक मैत्रीण शांतपणे म्हणाली, “पण पत्रकं तर पुण्यातच छापतात, माझं नाव मी नंतर वाचते.” कुणीच काही बोललं नाही. शहरातली निमंत्रक मीच आहे. या अंकापासून पत्रकांचा मजकूर तिने पाहिल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही असं ठरवलं आहे. हा अंक त्यामुळे नऊ दिवस उशिरा तुमच्या हाती पडतो आहे.

पत्राच्या उत्तरानंतर त्या पक्षातल्या एकीचा फोन आला होता. पहिल्या दोन दुरुस्त्या त्यांना मान्य आहेत. एबी फॉर्मवरून त्यांच्यातच वाद चालू आहे. काहींना वाटतं, तेवढं मागितलं तर बाकीचंही मिळणार नाही.